चौथ्या मजल्यावरचा गीझर

त्या दिवशी गीझर पेटला नसता, तर माझी बाळंतीण लेक विहीणबाईंनी संध्याकाळच्या आत माझ्या घरातून उचलून नेली असती. नातीसकट. आणि तसा शब्द मी स्वतःच देऊन बसले होते.

झालं असं, की आदल्या दिवशी दवाखान्यात नातीला मांडीवर घेऊन विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बाळंतिणीला कढत पाणी लागतं, तेही भरपूर. तुमच्या विरारच्या घरी पाण्याला जोर नाही, गीझर पेटत नाही, असं तुम्हीच म्हणत होता. त्यापेक्षा मी तिला गोखिवऱ्याला आमच्याकडे नेते." जावई मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी कुणाला शिकवायला हवं? पण गीझरचं रडगाणं फोनवर मीच गायलेलं, माझ्या जिभेला काही हाड नाही. मी म्हटलं, "उद्या हिला सोडतील तेव्हा तुम्हीही विरारला चला. पाणी कढत नसेल तर तुम्हीच घेऊन जा तिला, मी अडवणार नाही." बोलून गेले खरी, पण घरी गीझर काही पेटत नव्हता.

आमचा गीझर गॅसचा, ड्राय बाल्कनीत लावलेला. इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून घेतलेला. नळ सोडला की पाण्याच्या जोराने त्याच्या आतली चकती दाबली जाते, टक् टक् ठिणगी पडते आणि भक्कन जाळ होतो. जोर कमी पडला की नुसतंच टक् टक्. पंधरा-वीस दिवस आमचं नुसतंच टक् टक् चाललं होतं. पातेली तापवून एखादा दिवस निभला असता, पण सव्वा महिना रोज उकळती पातेली घेऊन तान्ह्या बाळाच्या घरात कोण फिरणार?

सकाळी उठल्याउठल्या आमचे हे स्टुलावर चढले. ह्यांना दुरुस्तीचा भारी सोस. निवृत्त झाल्यापासून घरातला एकही स्क्रू ह्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. गीझरला जिथून गार पाणी येतं, त्या जोडावरून थेंब थेंब गळत होतं. "हाच चोर," हे म्हणाले, "जोर इथूनच पळतोय." मी म्हटलं, "अहो, थेंबाथेंबाने कुठे जोर पळतो?" तर म्हणे, "तुला त्यातलं काय कळतं, तू पाना दे." दिला. ह्यांनी नट सोडला, आणि खालची चावी बंद करायची राहिलेली. पाणी सरळ ह्यांच्या चष्म्यावर. मला हसू आवरेना. हे भिजलेल्या बनियनमध्ये स्टुलावर, मी फरशीवर पोतेरं घेऊन.

चावी बंद केली. आतली जाळी काढली, तर त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. ती मी दातांच्या जुन्या ब्रशने घासून लख्ख केली. वायसर नवा घातला, आट्यांवर टेप गुंडाळली, नट आवळला. गळती थांबली. मी जोडाखाली कोरडा कागद धरून बघितला, एक ठिपका नाही. मला इतका आनंद झाला की मी ह्यांच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "सोडा नळ," मी म्हटलं.

टक् टक् टक् टक्.

जाळ नाही. नळातून पाणी खोकत होतं, थोडं यायचं, थांबायचं, परत थोडं यायचं. स्वयंपाकघरात मात्र धो धो. टाकी तीच, मग एका नळाला जोर आणि दुसऱ्याला का नाही? हे म्हणाले, "गीझरच जुना झालाय." मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. मघाशी चोर जोडात होता, आता गीझर म्हातारा झाला." गीझरचे सेल बदलले. इतर सगळे नळ बंद केले. लाटण्याने पाइप ठोकून पाहिला. एवढ्यात खाली रिक्षा थांबली.

लिफ्टचं दार उघडलं. पुढे विहीणबाई नातीला घेऊन, मागे लेक. लेकीने चप्पल काढली, हॉलमधल्या दिवाणावर टेकली, भिंतीला पाठ लावून दोन्ही पाय लांब सोडले आणि डोळे मिटून म्हणाली, "आई गं, आले बाई एकदाची." मला वाटलं तिथेच बसून भोकाड पसरावं. हिला आता परत उठवायचं आणि रिक्षात घालायचं?

विहीणबाईंनी बाळ तिच्या कुशीत ठेवलं आणि तडक बाल्कनीत आल्या. ओली फरशी पाहिली, स्टूल पाहिलं, ह्यांचं बनियन पाहिलं. नळ सोडला, टक् टक् ऐकलं. मी पोतेरं पिळत उभी. मनात म्हटलं, बोल बाई, काय बोलायचं ते एकदाचं बोल.

त्यांनी ह्यांना विचारलं, "गच्चीवर ह्या गीझरच्या लाइनला उभी हवेची नळी आहे ना? तिच्या तोंडाला काही बांधलंय का?"

ह्यांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "प्लॅस्टिकची पिशवी. दुहेरी. बाळ यायचं होतं, गच्चीवर डास फार, म्हणून जिथे जिथे भोक दिसलं तिथे..."

"आमच्या बिल्डिंगमध्येही सगळ्यांनी डासांच्या भीतीने हेच केलं होतं," विहीणबाई म्हणाल्या. "टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरते. तिला बाहेर पडायला वाट नको? पिशवी काढा आणि जाळीचं कापड बांधा. चला, कात्री आणि कापड घ्या."

ह्यांना गीझरपाशी उभं केलं आणि आम्ही दोघी पदर खोचून गच्चीचा जिना चढलो. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. लेकीच्या लग्नात मानपानावरून मी ह्याच बाईशी अबोला धरला होता. आता एका हाताने त्यांचा दंड धरून मी टाकीच्या कठड्यावर चढत होते. ह्यांनी पिशवीवर सुतळीचे असे वेढे दिलेले की जणू आत सोनं आहे. त्या नळी धरून उभ्या राहिल्या, मी कात्री चालवली. पिशवी सुटली तशी नळीतून फुस्स करून हवा आली, मग खोल कुठेतरी गुडगुड गुडगुड. आम्ही दोघी नळीला कान लावून ऐकत राहिलो. गुडगुड थांबली. माझा फोन वाजला.

"पेटला," हे ओरडत होते, "अगं पेटला, वाफा यायला लागल्यात!"

मी विहीणबाईंना मिठीच मारली. गच्चीवर पापड वाळत घालणारी शेजारीण बघत राहिली, बघू दे. मग शुद्धीवर आले आणि म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही पिशवीचं बोलला नसतात, तर आज ती तुमच्याकडे आली असती. शब्द दिला होता मी."

त्या पदराने हात पुसत राहिल्या. "तेच मनात धरून आले होते," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी खोलीसुद्धा आवरून ठेवलीय. पण आत्ता ती दिवाणावर बसली ना, पाय लांब करून? लग्नाला तीन वर्षं झाली. माझ्या घरात ती अशी एकदाही बसलेली नाही."

मी नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलं. खाली आलो. लेकीला पाटावर बसवलं, बादली भरली, पाणी असं कढत की हात घालवेना. त्यात गार पाणी घालून मी ते सोसेल इतपत केलं. नऊ महिने ह्या पहिल्या आंघोळीची मी वाट बघत होते. विहीणबाई बाथरूमच्या दाराबाहेरच थांबल्या होत्या. मी तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला.