कान्हेरीच्या चढावरची बाई

पार्ल्यातून निघून बोरिवलीला मुक्काम करायचा, याला माझा नवरा ‘हायकिंग व्हेकेशन’ म्हणतो. त्यासाठी त्याने दोन काठ्याही घेतल्या. दोन्ही स्वतःसाठी.

नॅशनल पार्कात कान्हेरीच्या चढावर तो पुढे निघून गेला, वरून समुद्र दिसतो म्हणून. माझ्यापुढे एक पन्नाशीची बाई धापा टाकत चढत होती. तिचाही नवरा असाच पुढे. प्रत्येक वळणावर दगडावर बसून तो तिची वाट बघायचा आणि ती पोचली की ताजातवाना होऊन उठायचा. बायकोला किती सांभाळून घेतो, हे कौतुक त्याच्याच चेहऱ्यावर.

एका वळणावर तो असाच उठला. “चल, झाला ना आराम?”

“तुझा झाला,” ती म्हणाली. मग त्याच्या जागेवर बसली, बुटांच्या लेस सोडल्या, मोजे काढून दगडावर पसरले आणि संत्रं सोलायला घेतलं. पांढरी शीर न् शीर काढत, अगदी सावकाश. समुद्र कुठे पळून जाणार होता?

पुढच्या वळणावर माझा नवरा बसलेला. मला बघून काठ्या सावरत उठला. “निघूया?”

मी खाली बसले आणि लेस सोडायला घेतल्या.