भावोजींनी घेतलेला आळ

पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. थोरल्या बहिणीचे यजमान, तिचे भावोजी, रत्नांना पैलू पाडायचे. त्यांनीच विचारलं, "शिकतेस का? बोटं धड आहेत, तेवढं पुरे."

खोली अरुंद. खिडकीशी फिरणारी चकती, तिच्यावर थेंबथेंब गळणारं पाणी, समोर स्टूल. काडीच्या टोकाला गरम लाखेने खडा चिकटवायचा आणि ठरल्या कोनात चकतीवर टेकवायचा. पहिले दोन महिने तिने नुसत्या बाटलीच्या काचा घासल्या. भावोजी भिंगातून बघून म्हणायचे, "हा खडा नाही, चावलेला पेरू आहे." ती हसायची आणि पुन्हा घासायला बसायची.

एकदा एका बस कंडक्टरने आईच्या अंगठीतला पाचू आणून दिला. वरचे ओरखडे घालवून हवे होते. पाचू आतून नाजूक असतो, त्याला हात लावू नकोस, असं बजावून भावोजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तिला वाटलं, ते येईपर्यंत काम उरकून ठेवावं, शाबासकी मिळेल. तिने खडा लाखेवर बसवला आणि लाख लवकर थंड व्हावी म्हणून काडी सरळ नळाखाली धरली. बारीकसा टक् आवाज आला. पाचूचे दोन तुकडे झाले होते.

भावोजी आले, त्यांनी तुकडे पाहिले. काही बोलायच्या आत कंडक्टर दारात हजर. भावोजी त्याला म्हणाले, "माझा हात चुकला. नजर साथ देत नाही आता."

कंडक्टर त्यांना चार लोकांत नको नको ते बोलला. ती खाली मान घालून चकती पुसत राहिली.

सराफांनी भावोजींकडे काम धाडणं बंद केलं. भावोजी तिला एका शब्दानेही लागेल असं बोलले नाहीत, तेच तिला जड जाई. बहीण जेवायला वाढताना म्हणायची, ह्यांचा हात असा कसा गं चुकला, आणि ती अर्ध्या ताटावरून उठायची.

असे चार महिने गेले. तोवर काचा घासघासून तिचा हात चांगला बसला होता आणि ते बाजारात कळलंही होतं. एक सराफ खड्यांची पुडी घेऊन आला आणि भावोजींच्या देखत म्हणाला, "हे तुम्हीच करा, बाई. त्यांच्या हाती देऊ नका."

भावोजी उठून उगाच खिडकी पुसायला लागले.

"तो पाचू मी फोडला," ती म्हणाली. "त्यांनी माझ्या चुकीचा आळ स्वतःवर घेतला."

सराफाने पुडी उचलली आणि तो निघून गेला. ती तशीच उठून कंडक्टरच्या घरी गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या माणसाला मी काय काय बोललो, त्याचं आता काय करू?"

तिसऱ्या दिवशी भावोजी म्हणाले, "तुझी झाकली मूठ होती, उघडलीस. माझं त्यात काही जाणार नव्हतं, माझी नजर खरंच गेलीय. पाचू फुटला त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं."

हळूहळू काम पुन्हा येऊ लागलं. भावोजी मात्र परत कधी चकतीवर बसले नाहीत, सगळं तीच करायची. नजरेचं ते खरं बोलले की तिची समजूत घातली, हे बहिणीला विचारावं असं तिला कितीदा वाटलं. हिंमत झाली नाही.