लेकीची कावीळ बापाच्या अंगावर

लेकीची कावीळ मी स्वतःच्या अंगावर ओढून घेतली, असं माझ्या सासरवाडीत अजून सांगतात.

लढाई चालू होती. बर्माहून रजेवर आलो तो थेट कोरेगावजवळ सासरवाडीला. पहिलटकरीण बायको तिथंच होती. आठ दिवसांची पोर हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. दूध ओढेना, रडेना. घरात सगळे कुजबुजत बोलत होते. मला रडूच आलं. तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "तुझं दुखणं मला लागू दे."

सासूबाई दचकल्या. "जावईबापू, असं वंगाळ बोलू नगासा. वास्तू तथास्तु म्हनती."

रोज सकाळी मी पोरीला कोवळ्या उन्हात मांडीवर घेऊन बसू लागलो. चौथ्या दिवशी ती दूध ओढायला लागली. अंगही जरा उजळलं. तेव्हा कुठं बायकोनं मला नीट पाहिलं.

"आवं, तुमचं हात..."

हात पिवळे होते. आरशात पाहिलं, तर तोंडही.

पोर गोरी होत गेली, तसा मी पिवळा होत गेलो. माझं ताट वेगळं झालं. शेजारणी दारातूनच बघून जायच्या. ओसरीवरचं कुत्रंही लांब सरकून बसलं (तसं ते आधीही माझ्याजवळ बसत नव्हतं). मी गुपचूप उपाय चालवला होता. हिवतापासाठी पलटणीत रोज एक गोळी मिळायची, तिचा डबा जवळ होता. सरकारी औषध, कशालाही चालणारच! मी दोन घेऊ लागलो. मग तीन. रंग आणखी चढला. मरायची खरीच भीती वाटायला लागली. एकदा तर वाटलं, निम्मं दुखणं परत घेतेस का, असं पोरीला विचारावं.

शेवटी कोरेगावचे डॉक्टर आले. माझी पापणी ओढून म्हणाले, "डोळे पांढरेशुभ्र आहेत. ही कावीळ नव्हे. खातोस काय?"

मी डबा दाखवला.

"अरे, या गोळ्यांनीच माणूस पिवळा होतो. पलटणीत कुणी सांगितलं नाही?"

पलटणीत सगळेच पिवळे होते; मीही तिथूनच पिवळा आलो असणार. सांगणार कोण?

"आणि पोरगी?" मी विचारलं.

"तिची कावीळ उतरणारीच होती. आईचं दूध पाजत राहा."

बाहेर आलो, तर सासूबाई जमलेल्या बायकांना सांगत होत्या, "लेकीसाठी बापानं जीव पनाला लावला बगा." एक म्हातारी उठून माझ्या पाया पडली. मी हातातला डबा हळूच खिशात सरकवला.

ती लेक आता स्वतः आई आहे. ही हकीकत पोरांना सांगताना तिचे डोळे भरून येतात. गोळ्यांचा डबा मी अजून कुलपात ठेवतो.