दोन किल्ल्यांची चिमणी

किल्लीवाल्यांना दाद न देणारं कुलूप अजून जन्माला आलेलं नव्हतं. कपाट, तिजोरी, गाडी, एकदा तर ऐन लग्नाच्या सकाळी रुसून आतून कडी लावून बसलेल्या नवरदेवाची खोली! किल्लीवाले यायचे, कान लावायचे, तार फिरवायचे आणि ‘घ्या’ म्हणून बाजूला व्हायचे. तीस वर्षं सकाळी आठ ते रात्री आठ दुकान. जिन्याखालचं, कोट टांगायच्या कपाटाएवढं. किल्लीवाले आत शिरले की हवेला बाहेर थांबावं लागे. रविवारी सुट्टी होती. पण रविवारी लोक जास्त किल्ल्या हरवतात, म्हणून त्या दिवशीही उघडंच.

घरी बायको होती, असं त्यांच्या कानावर होतं.

मग एक दिवस कोळ्याची जाळी काढताना बायको स्टुलावरून पडली. पाय प्लास्टरमध्ये, दीड महिना सक्तीची विश्रांती. तिचा पलंग खिडकीशी ओढला. खिडकीबाहेर तळमजल्याची बाग, म्हणजे सहा कुंड्या आणि घरात कुणालाच नाव माहीत नसलेलं एक झाड.

“पडून पडून जीव आंबलाय,” ती म्हणाली. “दोन पाखरं तरी येतील असं काहीतरी करा.”

“आणतो,” किल्लीवाले म्हणाले. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावी तसे. “प्लास्टर निघायच्या आत तुझ्यासमोर चिमणी जेवली नाही, तर दुकानावरची पाटी उतरवीन.”

दुसरा कुणी असता तर त्याने बशीत दाणे टाकून खिडकीत ठेवले असते. पण ज्याचा जन्म लोकांना बाहेर ठेवण्यात गेला, त्याला आधी दिसतात ते चोर. कबुतरं येतील, कावळे येतील, खारी तर येतीलच. किल्लीवाल्यांनी आठवडाभर खपून दाण्यांसाठी पत्र्याची पेटी बनवली आणि खिडकीबाहेर लावली. झाकणाला कुलूप. कुलपाच्या तीन किल्ल्या: एक स्वतःकडे, एक बायकोच्या उशीखाली, एक शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे. पेटीसमोर बसायला दांडी, दांडीखाली स्प्रिंग. जड पाहुणा बसला की खट्! दाण्यांपुढचा पडदा खाली.

“आणि चिमणीवर नाही का पडायचा?” पोस्टमास्तरांनी कुंपणावरून विचारलं.

“चिमणीच्या वजनावरच लावलाय.”

“किती असतं हो?”

“दोन किल्ल्या.”

“कुणी सांगितलं?”

“बघून कळतं.” किल्लीवाल्यांनी दांडीला दोन किल्ल्या लटकवल्या, पडदा ढळला नाही. तिसरी लटकवली. खट्! असा गोड आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा दिनक्रमच बदलला. सकाळी अकरापर्यंत पलंगाशेजारी खुर्ची टाकून पहारा. मग दुकान, चारला परत, पुन्हा पहारा. पक्षी येईना. किल्लीवाल्यांनी पेटीला हिरवा रंग दिला. रंगाचा वास येतो म्हणून तो खरवडला. दांडीला तेल घातलं. कुलूप बदललं, हे मात्र का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बायको पडल्या पडल्या सूचना करी, आणि बोलता बोलता गोष्टी भलतीकडेच जात. तिला लहानपणी झाडावर चढता येत असे, ही बातमी किल्लीवाल्यांना संसाराच्या एकतिसाव्या वर्षी कळली.

“कसं गं चढायचीस?”

“पायांनी. तेव्हा दोन होते.”

दुपारी परतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “आलं कुणी?”

“नाही हो. एकही नाही.”

कुंपणापलीकडून पोस्टमास्तरांचा आवाज यायचा, “पत्ता नीट लिहिला होता ना? नाहीतर पाखरं परत जातात!”

पाखरं नाहीत, पण बायकोची भूक मात्र वाढली होती. पूर्वी सकाळी पावाची एक स्लाइस खाणारी बाई, आता चार बशीत घालून घ्यायची. हाडं जुळायला लागतात, म्हणाली. किल्लीवाल्यांनी पाव वाढवला.

प्लास्टर काढायच्या आदल्या दिवशी ते दुकानात पोचले आणि लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. चष्म्याशिवाय त्यांना हातातलं कुलूप आणि किल्ली यांतला फरक कळत नसे; लांबचं मात्र लख्ख दिसे. परतले. दाराशी आले तर आत बोलणं चाललेलं. त्यांनी दार उघडलं, अर्थात आवाज न करता. ते त्यांच्या हातात होतं.

खिडकीच्या कट्ट्यावर बशी. बशीत पावाचा चुरा. बशीभोवती आठ-नऊ चिमण्या, एक बुलबुल आणि सासूसारखी सगळ्यांवर खेकसणारी साळुंकी. आणि पलंगावरून बायको दटावत होती, “अगं हळू खा, घशात अडकेल. पहिल्या दिवशी त्यांच्या त्या तिजोरीच्या पडद्यावर आपटलीस ते पुरे नाही झालं? आणि सांगू नका हं त्यांना कुणी. कळलं की उद्यापासून आठ ते आठ. मग मी इथे कुणाशी बोलू? तुमच्याशी?”

साळुंकीने काहीतरी उत्तर दिलं. ते सभ्य नव्हतं.

किल्लीवाले तसेच मागे सरकले. दार लावून घेतलं. तीस वर्षं दारं उघडली होती, पण एखादं दार इतकं हळू लावण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मग खाकरले, किल्ल्यांचा जुडगा जोरजोरात वाजवला, पायरीला उगाच लाथ मारली आणि आत शिरले.

कट्टा मोकळा होता. शालीखाली बशी किणकिणली.

“काय हो, मध्येच?”

“चष्मा. आलं कुणी?”

“कोण येणार? तुमच्या त्या तिजोरीत?”

किल्लीवाल्यांनी चष्मा लावला, खिडकीशी जाऊन पेटीकडे बघितलं.

“अंदाज चुकला गं. चिमणी दोन किल्ल्यांची नसते. तीनची असणार.”

“असं?”

“मग काय. स्प्रिंग नवी लागेल. दांडी बदलावी लागेल. पंधरा दिवस तरी धर.”

“प्लास्टर उद्या निघतंय. पाटी उतरवणार होतात ना?”

“अकरापर्यंत दुकान बंदच असणार. बंद दुकानाची पाटी कोण वाचतंय?”

तिने शालीखालची बशी आणखी आत सरकवली. मग म्हणाली, “पंधरा दिवसांत होईल?”

“घाईचं काम बिघडतं.”

“मग सावकाश करा.”

किल्लीवाल्यांनी खुर्ची पलंगाशी ओढली. तिच्या शालीवर पावाचा एवढासा कण राहिला होता. त्यांनी तो उचलला आणि खिडकीबाहेर ठेवला.