मामांनी कढीला चांगली म्हटलं

भंडारा जिल्ह्यात ताक कळणारा माणूस एकच आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मोठे मामा, याबद्दल निदान मामांना तरी कधी शंका नव्हती. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं आणि जमिनीखालच्या त्या उकाड्यात आपल्याला ताकाच्या डब्यानेच जगवलं, असं ते आजही मानतात. निवृत्तीनंतर लाखनीला घर केलं, ते गाईला गोठा मिळावा म्हणून. माणसांच्या खोल्या उरलेल्या जागेत बसवल्या. आमच्याकडे भंडाऱ्याला यायचे ते एसटीत ताकाची बरणी मांडीवर धरून, आणि स्वतः उभं राहायची पाळी आली तर बरणीला आधी जागा मागायचे. कुणी दही पाण्यात फेटून समोर ठेवलं तर शांतपणे म्हणायचे, "हे ताक नाई, पाणी टाकलेलं दही हाय. लोणी निघाल्यावर जे उरते, ते ताक."

कढीच्या बाबतीत तर ते कायदेपंडितच. गोड ताक प्यायला, आंबट कढीला. बेसन थंड ताकातच कालवायचं, मीठ शेवटी, आणि उकळी येईपर्यंत पळी थांबली की ताक फुटलंच म्हणून समजा. एकदा घरात मामा एकटेच असताना मी ऑफिसातून आलो आणि भर उन्हात दहा मिनिटं दाराबाहेर उभा राहिलो. आतून आवाज आला, "थांबा जवाईबुवा, कढी उकळीवर येऊन राहिली." बायकोच्या कढीला तर वीस वर्षांत त्यांनी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. कधी बेसन कच्चं, कधी ताक एक दिवस लवकर घेतलेलं.

मागच्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. उतरल्यावर विश्रांतीला आमच्याकडे आले. पहिल्याच दिवशी बायकोच्या हातून कढीत दोनदा मीठ पडलं. मी एक घोट घेऊन वाटी बाजूला सरकवली. मामांनी मात्र पूर्ण वाटी संपवली आणि म्हणाले, "चांगली झाली पोरी." ती हरखून स्वयंपाकघरात गेली, स्वतः चाखली, आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मामाजी, खरं सांगा. तुमाले चव लागते का?"

मामांनी रिकामी वाटी खाली ठेवली. "महिना झाला. काहीच लागत नाई. कोणाले सांगू नको."

डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही, वाट पाहा. मामांनी गाय विकायचं ठरवलं. "आता ताक कायले करू? ज्याचं मलेच समजत नाई, ते लोकायले कसं देऊ?" दुसऱ्या दिवशी बायकोने सायीचं दही आणि रवी त्यांच्यापुढे आणून ठेवली.

"तुमी घुसळा. मी चाखते."

मामांनी अनिच्छेने रवी हातात घेतली. थोड्या वेळाने त्यांनी मान कलती केली. ताकाचा आवाज जड झाला होता. लोणी आलं हे त्यांना कानाने कळलं. गोळा काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आंबट कसं हाय? चिंचेसारखं का कैरीसारखं?"

"कैरीसारखं. पण मागून थोडं गोड."

"मंग आज राहू दे. उद्या कढीले घेऊ."

गाय विकली गेली नाही. चव काही अजून परत आलेली नाही. मामा दर रविवारी येतात आणि दोघं शेजारी बसून कढी-भात खातात. ती एक घास घेते आणि त्यांना सांगते: आधी आंबट लागलं, मग मेथीदाण्याचा कडूपणा, मग मिरची. मामा डोळे मिटून तोच घास चावतात. "आणि आता?" असं हळूच विचारतात, आणि ती पुन्हा सांगू लागते. मी जेवण उरकून, हात धुऊन परत येतो, तरी ती दोघं अजून अर्ध्याच भातावर असतात.