मधल्या कप्प्यातलं औषध

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा फ्रीज बंद पडला. सकाळी दूध काढायला दार उघडलं तर आतला दिवा लागला, पण पातेलं हाताला कोमट लागलं. एरवी मी थोडी चिडले असते आणि दूध तापायला ठेवलं असतं. पण मधल्या कप्प्यात माझ्या मुलीच्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या होत्या.

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मधुमेह असल्याचं दीड वर्षापूर्वी कळलं आणि तेव्हापासून रोज चार वेळा सुई. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्येच ठेवायच्या, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलं तरी वाया, तापलं तरी वाया. आणि वरून बघून काहीच कळत नाही, हे सगळ्यात वाईट. सोलापूरचा एप्रिल म्हणजे सकाळी दहालाच ओट्याची फरशी तापते. बाटल्या बाहेर ठेवायचा प्रश्नच नव्हता.

नवरा पहिल्या पाळीला अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात गेला होता. मागांच्या खडखडाटात त्याला फोन ऐकू येत नाही. मी ओल्या नॅपकिनमध्ये बाटल्या गुंडाळल्या आणि शेजारी अक्कांकडे गेले. ते कुटुंब तेलुगू बोलणारं, घरात सात माणसं आणि फ्रीज कायम गच्च भरलेला. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना काय ते समजलं असावं. मी बोलायच्या आत म्हणाल्या, "कुटं ठेवायचं तेवढं सांगा की."

"मधल्या कप्प्यात. पण अक्का, तुमचं सामान..."

त्यांनी इडलीच्या पिठाचं भलं मोठं पातेलं उचलून सरळ जमिनीवर ठेवलं. "आज सगळ्यांना इडली. संपतंय पीठ." बाटल्या स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा मधोमध ठेवला, आणि मग घरातल्या सगळ्यांना बोलावून बोट रोखून तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. त्यानंतर जितके दिवस तो डबा तिथं होता, तितके दिवस त्याला कुणी हात लावला नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काही तासांत बिघडत नाही, फक्त याच बाटल्या आधी वापरून संपवा. तेव्हा कुठं मी घोटभर चहा घेतला.

दुपारी फ्रीजवाले चाचा आले. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान आहे. आमच्या फ्रीजमध्ये त्यांनीच दोनदा गॅस भरला होता. वय साठीच्या पुढे. उन्हातून स्कूटरवर आले होते, तरी आधी पाणी घेतलं नाही. फ्रीज पुढे ओढला, मागच्या कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून थरथर जाणवते का ते बघितलं.

"गेला, ताई."

"नवीन बसवता येईल ना?"

"बसवून देतो की. चालंल बी." ते उठले, हात पुसले. "नुसतं दूध-भाजी ठिवायची असती तर आजच केलं असतं. पण लेकराची दवा ठिवायची असंल तर ह्याचा भरोसा मी देणार न्हाय. नवा घ्या. आन दुकानात जाताना मला बोलवा."

"चाचा, तुम्ही कशाला उन्हात हेलपाटा घालता?"

"दुकानवाला त्याला काय विकायचं ते सांगंल. तुमाला काय पायजे ते कोण सांगंल?"

हातातलं काम त्यांनी स्वतःहून सोडून दिलं होतं, हे ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं दुकानात उभे होतो, नवरा, मी आणि चाचा. खरं सांगायचं तर माझा जीव दारातल्या पहिल्याच फ्रीजवर बसला. माणसाएवढा उंच, दोन दारांचा, काळ्या काचेचा, बोट लावलं की आकडे उजळणारा. नवराही म्हणाला, "एकदाच घ्यायचाय तर हाच घेऊ की." विक्रेता तरुण होता, पटापट गुण सांगत होता. चाचांनी त्याला मध्येच विचारलं, "ह्याचं आतलं बोर्ड गेलं तर सोलापुरात मिळतं का?"

"मागवावं लागतंय चाचा. आठ-दहा दिवसांत येतंय."

"आट-दहा दिवस दवा कुटं ठिवायची?"

"कसली दवा?"

मी सांगितलं. लेकीचं वयही सांगितलं. मग तो त्या काळ्या फ्रीजचं दार हळूच लावून म्हणाला, "ताई, मग इकडं या." आणि आम्हाला दुकानाच्या पार मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं एका दाराचे साधे फ्रीज ओळीनं उभे होते. त्यातल्या एकावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या आईकडं हाच हाय. बिघडला तर इथलाच माणूस येतोय, सामान बी इथंच मिळतंय." ज्यात त्याचा फायदा कमी, तीच वस्तू तो पोटतिडकीनं दाखवत होता.

चाचांनी खिशातून जुन्या वर्तमानपत्राची एक पट्टी काढली. ती दाराच्या फटीत धरून दार लावलं आणि पट्टी ओढून बघितली. वर घट्ट, बाजूला घट्ट, पण खालच्या कोपऱ्यात पट्टी अलगद निसटून आली. "हितनं गारवा जाणार," ते म्हणाले. "लाईट गेली की लगेच कळंल." विक्रेत्यानं वाद घातला नाही. गोदामातून दुसरा नग आणवला, खोका तिथंच फोडला. या वेळी चारी बाजूंनी पट्टी पक्की धरली. चाचांनी दोनदा ओढली, मग मला ओढायला लावली. पट्टी फाटली, पण निघाली नाही. नवऱ्याला दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

फ्रीज घरी आला. चाचांनी त्याच्यासाठी स्टॅबिलायझर बसवला, वीज गेली तरी गारवा टिकावा म्हणून बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायला सांगितल्या आणि मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर सोडला. दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहायला हवं होतं. पहिल्या दिवशी आकडा एकवर गेला, म्हणून बटण थोडं मागं फिरवलं. दुसऱ्या दिवशी चार, मग पाच. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आकडा बघायची. दोन दिवस पाचावरून हलला नाही, तेव्हा आम्ही अक्कांकडून डबा आणला. अक्का म्हणाल्या, "घाई नाही हो, राहू द्या की अजून." त्यांच्या घरी सात माणसांचं पीठ आठवडाभर रोजच्या रोज वाटलं जात होतं, आणि त्याबद्दल एक शब्द कुणी काढला नव्हता.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. एका दुपारी वादळ उठलं, आमच्या भागातल्या तारा तुटल्या आणि वीज गेली. दोन तास झाले, चार झाले. लेक फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसली होती. तिच्या पप्पांनी पाण्यासाठी हात पुढे केला तर म्हणाली, "माठातलं प्या!" मी वरवर कामं करत होते, आतून घाबरले होते. तेवढ्यात फोन वाजला. चाचा होते.

"ताई, तुमच्याकडंची लाईट गेली म्हणं. दार उघडलं न्हाय ना?"

"नाही चाचा."

"उघडू नका. लाईट आली की आकडा बगा आन मला सांगा."

मी त्यांना कळवलंही नव्हतं. शहरात त्यांची किती गिऱ्हाइकं असतील, आणि त्या वादळात त्यांना आमच्या घरातला एक कप्पा आठवला. फोन ठेवला आणि मला रडू आलं. आजार कळल्यापासून मी घरच्यांसमोर रडायचं टाळत होते, त्या दिवशी नाही टाळलं.

दिवेलागणीला वीज आली. लेकीनं दार उघडलं, पेल्यात डोकावली आणि तिथूनच ओरडली, "सात!" मग माझ्या हातातून मोबाईल घेऊन तिनं स्वतःच चाचांना फोन लावला.

"चाचा, सात अंश आहे. आठच्या आत आहे ना?"

पलीकडून त्यांचा आवाज मला ऐकू आला. "शाबास बेटा. आता बिनघोर जेव."