पाळणाघराच्या दारात

नोएडात आमच्या सेक्टरात तेव्हा घरोघरी नवरा-बायको दोघंही नोकरीला जाऊ लागले होते, म्हणून मी घरातच पाळणाघर काढलं. मदतीला पश्चिम बंगालमधल्या मालद्याकडची मोमिना होती. सगळी मुलं तिच्यामागे धावत. त्याचं काही वाटलं नसतं, पण माझी स्वतःची ईराही पडली-रडली की मला ओलांडून तिच्या कुशीत शिरे. संध्याकाळी दत्तापुढे बसलं की ओठांवर नामस्मरण आणि आत नुसता जळफळाट. असल्या उपासनेला काय अर्थ, असं वाटू लागलं होतं.

एका दुपारी मुलं झोपलेली असताना साध्या कपड्यांतले दोन पोलीस दारात आले. "अंदर कोई बांग्लादेशन काम करती है? हटिए, देखना है." मोमिना आत ईराला थोपटत होती. मी नुसती बाजूला झाले असते, तर माझी लेक पुन्हा माझी झाली असती. हा विचार मनात आला आणि त्याचीच मला भीती वाटली. दाराची कडी धरून मी तशीच उभी राहिले. मनात म्हटलं, महाराज, आता तुम्हीच सांभाळा.

तेवढ्यात फाटकातून एक वयस्क बाई आल्या. नातवासाठी जागा आहे का, हे विचारायला आल्या होत्या. दोघांचं बोलणं ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "वॉरंट दिखाइए. और लेडी पुलिस कहाँ है? अंदर दूसरों के बच्चे सो रहे हैं."

दोघं घुटमळले. मग मीही पुढे होऊन म्हणाले, "कल मैं खुद उसे लेकर थाने आऊँगी. आज अंदर कोई नहीं जाएगा." ते कुरकुरत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी यजमान रजा घेऊन मुलांपाशी थांबले. मोमिनाचा भाऊ जवळच राहायचा; त्याने गावचं रेशनकार्ड आणलं. ठाण्यात मी तिच्या शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने साहेबांनी कार्ड तपासून जायला सांगितलं. बाहेर येताच मोमिना म्हणाली, "दीदी, मुझे लगा था आप नहीं आएँगी."

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्या गडबडीत त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं. त्या कोण होत्या, यावर मी वाद घालत नाही.

मत्सर अजून पुरता गेलेला नाही. पण मन स्वच्छ झाल्यावरच देवाला हाक मारायची, हा माझा समज गेला. त्या दुपारी महाराजांनी माझं मन निवळायची वाट पाहिली नाही. आधी माणूस धाडला.